शेवटचे चार सेकंद

सांगली जिल्ह्यातील एका गावात, दूध संस्थेच्या खोलीबाहेर, पहाटे साडेपाचला किटल्यांची रांग लागते. आत टेबलावर वजनकाटा, त्याच्या शेजारी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) मोजणारे यंत्र, पावती छापणारा छोटा प्रिंटर आणि पत्त्यांच्या कॅटएवढा, एकाच बोर्डावर बसवलेला संगणक असतो. सभासदाने किटली ओतली की वजनाचा आकडा एका तारेतून येतो, नमुन्याच्या कपात बुडवलेल्या नळीतून यंत्र थोडे दूध ओढून घेते, मिनिटभरात फॅटचा आकडा दुसऱ्या तारेतून येतो आणि दोन्ही जुळवून लिटरमागचा दर व रक्कम पावतीवर उमटते. दहा दिवसांनी निघणारे बिल या पावत्यांवरच उभे असते, त्यामुळे पावती घेताना प्रत्येक जण आकडा वाचून मगच ती खिशात ठेवतो.

त्या दोन तारांतून येणारे आकडे वाचणारा प्रोग्राम मी आणि माझ्या दोन मित्रांनी पुण्यात बसून सी भाषेत लिहिला. तो ओपन सोर्स आहे. म्हणजे कोणीही उतरवून घ्यावा, बदलावा, आपल्या कामाला लावावा. आम्ही तो मुळात एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी केला होता. दुधापर्यंत तो कसा पोहोचला, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि सांगावे अशी आमची अटही नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरचा हा भाग मला आजही सर्वांत सुंदर वाटतो आणि सर्वांत अवघडही. आपण लिहिलेली वस्तू ज्यांच्या हातात आहे त्यांना आपण ओळखत नाही, त्यांच्या यंत्रावर जाऊन बसण्याचा आपल्याला अधिकार नाही, आणि ती वस्तू मोडते तेव्हा समोर आपण नसतो, तर पहाटेच्या रांगेत उभा असलेला माणूस असतो.

संस्थेच्या सचिवांचा पहिला फोन आला तेव्हा तक्रार एका वाक्याची होती. "सर, पहाटे मधूनच बंद पडतं." मी विचारले, पडद्यावर काही दिसते का? काही नाही. कोणत्या सभासदाच्या वेळी? कधी ह्याच्या, कधी त्याच्या. रोज? नाही, आठवड्यातून एक-दोनदा. सिस्टमडी हा लिनक्समधील व्यवस्थापक आमचा प्रोग्राम लगेच पुन्हा सुरू करीत असे, पण टेबलावर ज्याचे दूध चालू असेल त्याची नोंद जाई. ओतलेले दूध पुन्हा मोजता येत नाही. अशा वेळी सचिव त्या सभासदाचा मागील दिवसाचा आकडा धरत आणि खाली सही घेत. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले.

माझे वडील दौंड-मनमाड मार्गावरील एका लहान स्थानकावर स्टेशन मास्तर होते. त्यांच्या टेबलावर एक लांबरुंद रजिस्टर उघडे असे. शेजारच्या स्थानकाकडून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडण्याची परवानगी, मिळाल्याची वेळ, त्याबरोबर खूण म्हणून मिळालेला प्रायव्हेट नंबर, गाडी आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, असे रकाने त्यात गाडीमागे भरले जात. एका गाडीच्या नोंदीला काही क्षण लागत, आणि ते क्षण दिवसरात्र, पावसात, तापातही द्यावे लागत. चुकले तर खाडाखोड करायची नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. लहानपणी मी विचारले होते की हे वाचते कोण. ते म्हणाले, "रोज कोणी नाही. पण अपघात झाला की साहेब गाडीकडे जायच्या आधी हे ताब्यात घेतात." सचिवांचा फोन ठेवल्यावर ते रजिस्टर डोळ्यांसमोर आले, कारण आमच्या प्रोग्रामपाशी ताब्यात घेण्यासारखे काहीच नव्हते.

मग मी जे केले ते बहुतेक सर्व जण प्रथम करतात. प्रत्येक पायरीवर लॉगची, म्हणजे काय घडले त्याच्या नोंदीची, ओळ घातली आणि ओळ हरवू नये म्हणून ती लगेच कार्डावर उतरवण्याची सूचना दिली. अकराव्या दिवशी त्या चिमुकल्या संगणकाचे मेमरी कार्ड भरले आणि प्रोग्राम एका नव्याच कारणाने थांबला. शिवाय ज्या दिवसांत लॉग चालू होता त्या दिवसांत मूळ बिघाड एकदाही झाला नाही. कार्डावर लिहिण्याची वाट पाहण्यात प्रोग्रामचा ताल बदलला होता, आणि बिघाड त्या तालावर अवलंबून होता. निरीक्षण महाग असेल तर ते केवळ परवडत नाही एवढेच नसते. आपण जे पाहायला गेलो तेच ते बदलून टाकते. ट्रेसिंगविषयी, म्हणजे चालू प्रोग्रामच्या कमी खर्चाच्या निरीक्षणाविषयी, बोलताना लोक वेगाचा मुद्दा आधी मांडतात, मला हा मुद्दा आधी मांडावासा वाटतो.

दुसरा प्रयत्न अधिक वाईट झाला, आणि तो सविस्तर सांगितला पाहिजे, कारण तीच चूक मी अनेक चांगल्या प्रकल्पांच्या कोडमध्ये नंतर पाहिली आहे. प्रोग्राम स्मृतीतील भलत्या जागेला हात लावतो तेव्हा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्याला सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल पाठवतो, आणि मरण्यापूर्वी या सिग्नलसाठी आपले एखादे फंक्शन चालवता येते. मी त्या फंक्शनात नेहमीच्या प्रिंटएफने माहिती छापली आणि फंक्शनांची नावे काढण्यासाठी जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीमधील सोयीचे फंक्शन वापरले. माझ्या टेबलावर ते उत्तम चालले. आठवड्याने सचिवांचा फोन आला. "सर, आधी निदान बंद तरी पडायचं. आता नुसतं बसून राहतंय."

झाले होते ते असे. प्रोग्राम कोसळला त्या क्षणी तो मॅलॉकच्या आत, म्हणजे नवी स्मृती मागण्याच्या कामात होता आणि तेथील कुलूप त्याने लावलेले होते. माझ्या फंक्शनाने नावे काढण्यासाठी पुन्हा स्मृती मागितली, म्हणजे तेच कुलूप उघडण्याची वाट पाहत ते उभे राहिले. आणि कुलूप ज्याच्याकडे होते तो धागा (प्रोग्राममधील कामाचा एक स्वतंत्र प्रवाह) तर याच फंक्शनात अडकलेला. प्रोग्राम मेला नाही, म्हणून सिस्टमडीने त्याला पुन्हा उठवले नाही. निदान करण्यासाठी घातलेल्या कोडने साध्या बिघाडाचे संपूर्ण खोळंब्यात रूपांतर केले आणि त्या दिवशी सकाळचे सगळे दूध संकलन वहीवर करावे लागले.

युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स या मानकात सिग्नलच्या वेळी कोणती फंक्शने बोलावणे सुरक्षित आहे याची यादी आहे, आणि तिच्यात प्रिंटएफ नाही, मॅलॉक नाही. राइट आहे, म्हणजे तयार बाइट सरळ फाइलीत टाकणे आहे. ही यादी मला माहीत होती, पण ती मी पाळण्याच्या नियमांत न धरता वाचून झालेल्या गोष्टींत धरली होती. नंतर मी पायथॉन भाषेतील फॉल्टहँडलर हे असेच कोसळताना माहिती छापणारे मॉड्यूल ओळीओळीने वाचले. व्हिक्टर स्टिनर यांनी लिहिलेले हे मॉड्यूल २०१२ साली पायथॉन ३.३ मध्ये आले. ते फाइलीचे नाव, फंक्शनाचे नाव आणि ओळीचा क्रमांक एवढेच छापते. अक्षरे आस्कीच (साधी इंग्रजी), मजकूर ५०० अक्षरांपर्यंत, चौकटी (एकातून एक बोलावलेली फंक्शने) १००, धागे १००. प्रथम वाचताना या मर्यादा तोकड्या वाटतात. दुसऱ्यांदा वाचताना कळते की हे कोसळत्या घरात उभे राहून लिहिलेले कोड आहे: येथे काहीही मागायचे नाही, कोणावरही विसंबायचे नाही, फक्त हाताशी आधीपासून आहे तेवढ्यावर चार ओळी खरडून बाहेर पडायचे.

आम्ही तेच केले. सिग्नलच्या फंक्शनासाठी वेगळा स्टॅक (चालू फंक्शनांची कामाची जागा) आरंभीच राखून ठेवला, कारण मूळ स्टॅकच ओसंडल्यामुळे मरण आले असेल तर त्यावर उभे राहता येत नाही. फंक्शनांची साखळी मागे वाचणारे बॅकट्रेस हे फंक्शन पहिल्यांदा बोलावले जाते तेव्हा ते आणखी एक लायब्ररी चढवते आणि त्यासाठी स्मृती मागते. म्हणून ते प्रोग्राम सुरू होतानाच एकदा विनाकारण बोलावून ठेवले. आकडे छापण्यासाठी वीस ओळींचे स्वतःचे फंक्शन लिहिले. आणि सर्व लिहून झाल्यावर सिग्नलची मूळ वागणूक परत बसवून तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवला, म्हणजे प्रोग्राम खरोखर मरतो, कशाने मेला ते सिस्टमडीला कळते आणि तो त्याला उठवतो. मरणाचे कारण लपवून शांतपणे बाहेर पडणारे प्रोग्राम मला तेव्हापासून अप्रामाणिक वाटतात.

पण कोसळण्याच्या जागेचा पत्ता म्हणजे अपघाताच्या जागेचा फोटो. गाडी तेथे कशी आली हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी रजिस्टर लागते. ते आम्ही असे केले: ४०९६ नोंदींची एक गोल रांग, प्रत्येक नोंद ३२ बाइटची, म्हणजे एकूण १२८ किलोबाइट. एका नोंदीत वेळ, धाग्याचा क्रमांक, घटनेचा क्रमांक आणि दोन आकडे. शब्द एकही नाही. रांग भरली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी बसते. नोंद आधी पूर्ण लिहायची आणि मगच मोजणी एकाने पुढे न्यायची, म्हणजे मधेच मरण आले तरी अर्धवट नोंद कोणी खरी धरणार नाही. ही रांग आम्ही प्रोग्रामच्या खासगी स्मृतीत न ठेवता फाइल स्मृतीसारखी वापरू देणाऱ्या एमएमॅपच्या साहाय्याने एका सामायिक फाइलीवर पसरली, आणि ती फाइल रन या निर्देशिकेत, म्हणजे कार्डावर न जाता रॅममध्येच राहणाऱ्या जागेत ठेवली. याचा लाभ असा की प्रोग्रामला एक शब्दही बोलण्याची संधी न देता कर्नलने जागच्या जागी मारले तरी त्याने लिहिलेली पाने कर्नलकडे सुरक्षित राहतात. वीज गेली तर मात्र ती जातात. त्यावर उपाय करता आला असता, पण कार्डाची झीज पुन्हा सुरू झाली असती, म्हणून आम्ही तो केला नाही.

एका नोंदीला त्या छोट्या संगणकावर सुमारे २०० नॅनोसेकंद लागतात असे मी मोजले. दुधाच्या यंत्राची तार ९६०० बॉडने बोलते, म्हणजे तिच्यातून एक अक्षर यायलाच मिलिसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. एक अक्षर येईपर्यंत पाच हजार नोंदी लिहून होतील. आमच्या प्रोग्रामसाठी हा खर्च नगण्य आहे. तरीही 'शून्य खर्च' हा शब्द मी वापरत नाही, आणि तो जेथे वाचतो तेथे थबकतो. खर्च कोठेतरी असतोच. प्रश्न तो कोण भरतो आणि कोणासाठी भरतो हा असतो.

या प्रश्नावर ज्यांनी खोलवर विचार केला त्यांत सन मायक्रोसिस्टिम्समधील ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथल यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांचे डीट्रेस हे निरीक्षणाचे साधन सनच्या सोलारिस १० या कार्यप्रणालीबरोबर आले, आणि सनने २००५ च्या जानेवारीत ओपन सोलारिसचा पहिला भाग म्हणून त्याचाच सोर्स खुला केला. त्यांचा आग्रह असा की चालू कामाच्या यंत्रावर, प्रोग्राम न थांबवता, पाहता आले पाहिजे आणि कोणी पाहत नसेल तेव्हा त्याची किंमत पडता कामा नये. ही कल्पना प्रोग्रामच्या आत उतरते ती एका सूचनेच्या रूपाने: नॉप, म्हणजे 'काहीही करू नकोस'. प्रोग्राममध्ये ठरावीक ठिकाणी एक नॉप ठेवायचा आणि त्याची जागा, नाव व तेथे कोणते आकडे कोठे मिळतील ही माहिती फाइलीच्या एका बाजूच्या कप्प्यात लिहून ठेवायची. कोणाला पाहायचे असेल तेव्हा साधन त्या नॉपच्या जागी थांबा बसवते, पाहणे झाले की नॉप परत ठेवते. लिनक्सवर सिस्टमटॅप या साधनाच्या एका हेडर फाइलीमुळे हे कोणालाही एका ओळीत करता येते. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसने २००६ च्या ८.२ या आवृत्तीपासून अशा जागा आपल्या कोडमध्ये ठेवल्या आहेत. व्यवहार सुरू झाला, व्यवहार पक्का झाला, अशी त्यांची नावे आहेत आणि ती वाचताना डेटाबेसची दिनचर्याच वाचल्यासारखी वाटते. आम्हीही रांगेतील प्रत्येक घटनेच्या जागी असा नॉप ठेवला. आमच्या वापरकर्त्यांपैकी फार थोडे लोक तो कधी वापरतील, पण ज्याला वापरायचा आहे त्याने आमच्याकडे नवी आवृत्ती मागत बसू नये.

मात्र चालत्या कोडमध्ये हात घालण्याच्या या विद्येविषयी भीतीही बाळगली पाहिजे. लिनक्स कर्नलमधील एफट्रेस हे निरीक्षणाचे साधन २००८ साली २.६.२७ या आवृत्तीबरोबर आले. संकलनाच्या, म्हणजे कंपाइल करण्याच्या, वेळी प्रत्येक फंक्शनाच्या आरंभी एक हाक घातली जाते आणि पुढे कर्नल त्या हाका पुसून त्यांच्या जागी नॉप बसवतो, अशी त्याची रचना आहे. ही आवृत्ती चाचणीत असताना इंटेलची, ई१०००ई या ड्रायव्हरवर चालणारी नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. नुसती बंद पडली नाहीत, तर त्यांच्यातील कायमस्वरूपी माहितीच बिघडली. संशय स्वाभाविकपणे ड्रायव्हरवर होता. कारण निघाले एफट्रेसमध्ये. त्याने नोंदवून ठेवलेल्या काही जागा केवळ आरंभीच्या कामापुरत्या होत्या आणि कर्नलने त्या मोकळ्या केल्या होत्या. त्याच पत्त्यांवर पुढे कार्डाची स्मृती जोडली गेली. एफट्रेस तेथे 'जुने मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदल' अशी सूचना चालवीत होते, परंतु ती सूचना मूल्य जुळले नाही तरी वाचलेले मूल्य परत लिहिते. साध्या रॅममध्ये त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या त्या जागेत बिघडत होते. ती सोय तूर्त बंद करण्यात आली आणि जागांची यादी संकलनाच्या वेळीच पक्की करण्याची पद्धत पुढे आली. पाहणाऱ्याने पाहता पाहता वस्तूच मोडावी, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही, आणि आमच्या अडकून राहिलेल्या प्रोग्रामची आठवण झाली की मी हे प्रकरण पुन्हा वाचतो.

असो. नवी आवृत्ती सचिवांनी बसवली आणि नऊ दिवसांनी त्यांनी मला साठ ओळींची एक फाइल पाठवली. कोसळण्याच्या क्षणी प्रोसेसर ज्या पत्त्यावर सूचना शोधायला गेला होता तो पत्ता, सोळाच्या पायाच्या संख्यापद्धतीत, होता ई०बी८ए४ई०. तेथे कोणतेच कोड असणे शक्य नव्हते. स्टॅकवरून मागे जाण्याचा प्रयत्न पहिल्याच पायरीला संपला होता, कारण जेथे कोड नाही तेथून मागे कसे जायचे हे कोणीच सांगू शकत नाही. पण आम्ही लिंक रजिस्टरही, म्हणजे फंक्शन संपल्यावर परत जायचा पत्ताही, छापत होतो, आणि ते आमच्या टायमरच्या फंक्शनाकडे बोट दाखवीत होते. त्याखाली गोल रांगेच्या शेवटच्या नोंदी होत्या. कोसळण्याच्या चार सेकंद आधी: दुधाच्या यंत्राच्या तारेवरून शून्य बाइट आले. लगेच पुढे: उपकरण बंद केले, स्मृती मोकळी केली. अर्ध्या सेकंदाने: तेच उपकरण नव्या क्रमांकाने परत दिसले. मग: पावतीचा मजकूर तयार करण्यास आरंभ. मग टायमर. मग काही नाही.

मी सचिवांना फोन करून विचारले की त्या सुमारास खोलीत काय सुरू झाले होते. ते म्हणाले, "तेव्हा? बल्क कूलर लागतो की." दूध गार करणाऱ्या कूलरचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर विजेचा दाब उतरे, यंत्राची तार संगणकाला जोडणारा यूएसबीचा कन्व्हर्टर मान टाकून पुन्हा उठे. आम्ही जुन्या उपकरणाची स्मृती मोकळी करीत होतो, पण पाच सेकंदांनी वाजणाऱ्या टायमरला ते सांगत नव्हतो. टायमर वाजे आणि परत दिलेल्या स्मृतीच्या खोलीत जाऊन तेथे लिहिलेल्या पत्त्यावर उडी घेई. ती खोली रिकामीच असेल तर जुना पत्ता तसाच मिळे आणि काही होत नसे. माझ्या टेबलावर मी तार उपटून पंधरा वेळा पाहिले होते, तेव्हा काहीच झाले नव्हते; माझ्या टेबलापुढे सभासदांची रांग नव्हती. केंद्रावर तेवढ्यात पुढच्या सभासदाची पावती तयार होई आणि तिचा मजकूर नेमका त्या खोलीत राहायला येई.

तो पत्ता मी कागदावर लिहून बराच वेळ पाहत होतो. स्मृतीत बाइट उलट्या क्रमाने असतात, म्हणून मागून वाचले: ई०, ए४, बी८, आणि पुन्हा ई०. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरी अक्षरे ई० पासून सुरू होतात, आणि ई० ए४ बी८ हे तीन बाइट म्हणजे 'स'. प्रोसेसरने सूचनेचा पत्ता म्हणून जे वाचायला घेतले होते ते कोणाच्या तरी नावातले 'स' हे अक्षर होते आणि त्यापुढील अक्षराचा पहिला बाइट. सदाशिव असेल, सुमन असेल, सावित्री असेल. दुरुस्ती चार ओळींची झाली: स्मृती मोकळी करण्याआधी टायमर रद्द करणे.

पण ते अक्षर माझ्या मनातून गेले नाही. आम्ही घटनांचे केवळ क्रमांक लिहीत होतो, शब्द कटाक्षाने टाळले होते, तरीही एका सभासदाच्या नावाचे अक्षर सांगलीहून पुण्यात माझ्या टेबलावर आले होते. संपूर्ण कोअर डंप मागवला असता तर? त्यात सगळी स्मृती असते. म्हणजे सभासदांची नावे, बँकेचे खाते क्रमांक, कोणाच्या दुधाची फॅट कोणत्या आठवड्यात उतरली, सगळे. मित्रांपैकी एकाचे म्हणणे होते की कोअर डंप आपोआप आमच्याकडे यावा, निदान झटपट होईल. झटपट झाले असते, यात शंका नाही. मी त्याला विरोध केला आणि आजही करीन. आमचा अहवाल साध्या मजकुरात असतो, वापरकर्त्याच्या यंत्रावरच पडून राहतो, तो त्याने उघडून वाचावा आणि द्यावासा वाटला तर स्वतःच्या हाताने द्यावा. गो भाषेच्या चमूने २०२३ साली टेलिमेट्रीचा, म्हणजे वापराची माहिती आपोआप पाठवण्याचा, प्रस्ताव मांडला तेव्हाही वाद याच मुद्द्यावर झाला आणि शेवटी माहिती पाठवणे वापरकर्त्याच्या स्पष्ट संमतीवर ठेवण्यात आले. कोसळलेल्या प्रोग्रामची जबानी घेण्याचा अधिकार प्रोग्राम लिहिणाऱ्याला आहे असे मला वाटते. त्या वेळी खोलीत असलेल्या माणसांची झडती घेण्याचा नाही.

याच कारणासाठी अहवालात आता आणखी थोडे कमी छापतो. प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडच्या बाहेरचा पत्ता आला तर तो न छापता 'कोडबाहेर' एवढेच लिहितो. निदानात त्याने थोडी तूट येते, हे मान्य आहे. त्या 'स'वरूनच तर मला खात्री पटली होती. ज्याला हवे त्याला तो पत्ता छापण्याची सोय चालू करता येते. उलट एक गोष्ट नव्याने छापतो: बिल्ड आयडी. प्रत्येक संकलनाला मिळणारा तो ठसा असेल तरच नुसत्या पत्त्यांवरून कोणत्या आवृत्तीतील कोणती ओळ हे कळते. वाटप करताना प्रोग्राममधून नावे काढून टाकलेली असतात, म्हणून प्रत्येक आवृत्तीची नावांची फाइल आम्ही जपून ठेवतो. एल्फयुटिल्स या साधनसंचाने २०१९ साली डीबगइन्फोडी ही सेवा आणल्यापासून लिनक्सच्या वितरणांच्या पातळीवर हे काम फार सोपे झाले आहे: ठसा दाखवा, नावे घ्या.

खर्चाविषयी आणखी एक प्रकरण येथे आठवते. फंक्शनांची साखळी झटपट मागे वाचता यावी म्हणून फ्रेम पॉइंटर नावाचा एक दुवा प्रत्येक फंक्शनात ठेवता येतो. वेगासाठी तो काढून टाकण्याची रीत पुष्कळ वर्षे होती. फेडोरा या लिनक्स वितरणात तो परत आणण्याचा प्रस्ताव आधी नाकारला गेला आणि पुनर्विचारानंतर २०२३ च्या फेडोरा ३८ मध्ये स्वीकारला गेला. पुढे उबुंटूने २४.०४ मध्ये तोच मार्ग धरला. फेडोराच्या प्रस्तावातच मोजणी दिली होती की कर्नलचे संकलन त्यामुळे सुमारे २.४ टक्के हळू होते. विरोध करणारे म्हणत होते की पाहणार मूठभर लोक, मग सर्वांनी का भरावे. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. परंतु ज्या मूठभरांनी पाहिले त्यांनी शोधलेल्या चुका दुरुस्त होऊन सर्वांकडेच जातात, आणि ज्याच्या यंत्रावर चूक उगवते तो बहुधा स्वतः पाहू शकणाऱ्यांपैकी नसतो. सचिवांना बॅकट्रेस म्हणजे काय ते माहीत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी आधीच थोडे थोडे भरून ठेवले असेल तरच त्यांची तक्रार एका वाक्याच्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून त्या वादात माझे मत दुवा ठेवण्याच्या बाजूचे आहे.

दुरुस्त आवृत्ती लागल्यानंतर कूलर रोज सुरू होतोच आहे. पुढे एकदा मी केंद्रावर गेलो तेव्हा सचिवांनी आपण होऊन मागील आठवड्याची रांग काढून दाखवली. उपकरण गेले, टायमर रद्द, उपकरण आले, टायमर सुरू. पुढच्या पावतीत अर्ध्या सेकंदाचा विलंब. रांगेतील कोणाला तो जाणवलाही नसेल. माझ्या त्या साठ ओळींच्या अहवालाचा छापील कागद त्यांनी दूध बिलांच्या फायलीत, त्या तारखेच्या पावत्यांच्या मागे, टाचून ठेवलेला होता. हुकलेल्या नोंदीचे कारण म्हणून हिशेब तपासनिसाला दाखवायला, असे ते म्हणाले.

सध्या माझ्यापुढे एक वेगळा अहवाल आहे. तो पाठवणारी व्यक्ती कोण, कोठली, मला ठाऊक नाही; दुधाशी तिचा संबंध नाही एवढे उपकरणाच्या प्रकारावरून दिसते. त्यात सिग्नलचा क्रमांक आहे, बिल्ड आयडी आहे, आणि गोल रांगेच्या जागी एकही नोंद नाही. म्हणजे प्रोग्राम रांग उघडण्यापूर्वीच कोसळला. आम्ही आधी सेटिंगची फाइल वाचतो आणि मग रांग उघडतो, कारण रांगेची लांबी त्या फाइलीत लिहिलेली असते. काल रात्री मी तो क्रम उलटा केला. लांबी आता ठरावीकच ठेवली आहे, आणि रांग उघडून 'सुरू झालो' ही पहिली नोंद करण्याचे काम मेन या आरंभीच्या फंक्शनाच्या पहिल्या ओळीवर आणले आहे. पाठवणाऱ्याला लिहिले आहे की ही आवृत्ती एकदा चालवून पाहावी, आणि अहवाल पाठवण्याआधी तो स्वतः वाचावा.